हजेरीतली शेवटची

अकनेसी मला पहिल्यांदा दिसली ती इस्पितळाच्या चढावर. ती चढाच्या मध्यावर उभी होती आणि खाली बंदराकडे बघत होती. पाऊस नुकताच थांबला होता. लाल माती पाण्याबरोबर उताराने चालली होती, आणि आमच्या रीतीप्रमाणे तिच्या कमरेला गुंडाळलेल्या चटईच्या कडेवरून थेंब गळत होते.

माझ्या खांद्यावर वायरचं वेटोळं होतं आणि हातात अवजारांची पेटी. मी बाजूने पुढे जायला लागलो तर ती म्हणाली, "ती निळी बोट कुणाची?"

मी बघितलं. "ती? ती मी शाळेत होतो तेव्हापासून तिथेच आहे. इंजिनच नाही तिला."

"छान उभी आहे पण."

"उभी नाही. चिखलात रुतलीय."

"इथून तसं वाटत नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच, "तुम्ही व्हा पुढे. मला अजून बोटी बघायच्यात."

मी पुढे झालो. वळणावर मागे वळून पाहिलं, तर ती थोडी वर आली होती आणि नीरफणसाच्या झाडाला हात टेकून पुन्हा बंदराकडे बघत होती. मला वाटलं, इतक्या बोटी आहेत कुठे आपल्या बंदरात?

न्यूझीलंडच्या उत्तरेला, भर समुद्रातल्या आमच्या वावाऊ बेटावर मी बोटींचे रेडिओ दुरुस्त करायचो. कॉम्प्युटर दुरुस्त करणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तेही मीच करायचो. त्या दिवशी इस्पितळाच्या नोंदींच्या खोलीत वीज नीट येत नव्हती. राजधानीहून नवा सर्व्हर येऊन थोडेच आठवडे झाले होते, आणि त्याला काही होऊ नये म्हणून मी नवी वायर टाकत होतो. नोंदणीच्या खिडकीवर तेलेसिआ आत्या बसायच्या. त्या माझ्या आत्या नव्हेत, पण सगळं गाव त्यांना आत्या म्हणायचं. हातात केतकीच्या पानांचा पंखा, समोर कॉम्प्युटर. त्या पंख्याने स्वतःला वारा घालायच्या आणि मधूनमधून कॉम्प्युटरलाही घालायच्या.

मी टेबलाखाली होतो तेव्हा खिडकीशी कोणीतरी आलं.

"नाव?" आत्या म्हणाल्या.

"आत्या, नाव तुम्हीच ठेवलंत माझं."

"मी ठेवलं. पण यंत्राला सांगावं लागतं."

आवाज मी ओळखला. बोटीवाली. आणि ती खरोखर त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी होती. आमच्याकडे आत्या म्हणजे घरातली सगळ्यांत मोठी. बाप एक सांगेल, पुढारी दुसरं सांगेल, पण भावाच्या मुलांबाबत आत्याचा शब्द शेवटचा.

बटणं वाजली. मग बराच वेळ काही नाही.

"यंत्र म्हणतंय, अशी कोणी नाही," आत्या म्हणाल्या.

"बरं. मग मी घरी जाते. जी नाहीच, तिला डॉक्टर कशाला?"

"बस खाली. तुला पहिली आंघोळ मी घातली. हे यंत्र तेव्हा कुठे होतं?"

मला हसू आलं.

"टेबलाखाली कोण हसतंय?"

"लिसिअते, आत्या. वायर लावतोय."

"मग वायर लाव. हसणं तुझ्या कामात धरलेलं नाही."

मी बाहेर आलो. अकनेसीने मला बघितलं आणि ओठ दाबून धरले. तिची छाती धापेने वरखाली होत होती, जसं काही ती पळत आली होती. पण मी तिला बघितलं होतं. ती पळत आली नव्हती.

काय चाललंय ते आत्यांनीच सांगितलं. लहानपणी अकनेसीला ताप आला होता, तो हृदयात उतरला. मग न्यूझीलंडहून पथक आलं आणि त्यांनी शाळाशाळांतून मुलांच्या हृदयाची चित्रं काढली. तिचंही काढलं. दर महिन्याला सुई घ्यायची, ती अकनेसी घेत आली. तिचं कार्ड वादळाच्या पाण्यात गेलं. उरलं ते यंत्रात. आता न्यूझीलंडची डॉक्टरीणबाई आली होती. ती वर्षातून एकदा यायची आणि थोड्याच लोकांना ऑपरेशनसाठी बरोबर न्यायची.

"बाई म्हणते, जुनं चित्र दाखवा," आत्या म्हणाल्या. "झडप आधीपासून एवढी वाईट होती, की आता बिघडत चाललीय, ते तिला कळायला हवं. बिघडत चालली असेल तर या वेळी नेणार. नाहीतर औषधं देऊन पुढच्या वर्षी बघू म्हणते."

"मग पुढच्या वर्षी," अकनेसी म्हणाली.

आत्यांनी पंखा थांबवला. "पुढच्या वर्षी झडप शिवण्यासारखी राहणार नाही कदाचित. तेही तिनेच सांगितलंय. तू ऐकलं नाहीस, मी ऐकलं."

संध्याकाळच्या विमानाने बाई जाणार होती. त्याआधी नावं ठरायची होती.

"मी बघू का?" मी विचारलं.

"तुम्हाला बोटींचं कळतं ना?" अकनेसी म्हणाली.

"रुतलेल्या बोटींचं जरा जास्त."

ती हसली. मी खुर्ची ओढली.

तिच्या नावाबद्दल एक सांगायला हवं. अकनेसी म्हणण्याआधी घसा क्षणभर अडतो, आणि मग नाव बाहेर येतं. आमच्या भाषेत ती अडखळ म्हणजे एक अक्षरच आहे. लिहिताना ते उलट्या स्वल्पविरामासारखं दिसतं. आमच्या निम्म्या गावाची नावं अशी अडखळून सुरू होतात. मला तिचं नाव घेताना ती अडखळ जरा लांबायची, पण ते वेगळ्या कारणाने.

मी तिचं नाव टाकलं. पडद्यावर अक्षरं बरोबर उमटली, पण सुरुवातीला त्या खुणेच्या जागी भलतंच चिन्ह आलं.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"तुमच्या नावाआधी प्रश्नचिन्ह."

"बरोबर आहे. घरचेही तेच म्हणतात."

यंत्राला अक्षर म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याला आकडे ठाऊक असतात. प्रत्येक अक्षराला एक आकडा. खिडकीवरचा जुना कॉम्प्युटर जुन्या पद्धतीचे आकडे पाठवत होता आणि आतला नवा सर्व्हर नव्या पद्धतीने ते वाचत होता. साध्या अक्षरांचे आकडे दोन्हीकडे सारखे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमची खूण मात्र वाटेतच तिसरं काहीतरी होऊन पोहोचत होती. मी सेटिंग बदललं. दोघांना एकच पद्धत लावून दिली. पुन्हा नाव टाकलं. खूण आता अगदी नीट दिसली.

खाली उत्तर आलं. नोंद सापडली नाही.

मी पुन्हा टाकलं. तेच. आत्यांनी त्यांच्या शेजारणीचं नाव टाकायला लावलं, तेही खुणेचं. तीही नाही. मग त्यांनी माझं टाकायला सांगितलं, आणि मी लगेच आलो, गळू कापल्याच्या तारखेसकट.

"तुम्ही आहात," अकनेसी म्हणाली. "अभिनंदन."

पत्र्यावर पाऊस सुरू झाला. आत्या चहा सांगायला आत गेल्या. ती माझ्या शेजारच्या बाकावर बसली होती, भिजलेल्या चटईचा वास येत होता. मी वायरींकडे बघत बसलो, जसं काही उत्तर वायरीत होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "तुमचा दिवस गेला."

"चढावर तुम्ही कशाला थांबला होतात?"

"बोटी बघायला."

"खरं सांगा."

तिने चटईची ओली कड पिळली. "नुसतं थांबलं की लोक विचारतात, काय गं, काय झालं. बोटी बघितल्या की कोणी विचारत नाही." मग म्हणाली, "आणि मला अहोजाहो करू नका. आत्या ऐकतील तर त्यांना वाटेल, मी मोठी झाले."

त्या निळ्या बोटीबद्दल तिने का विचारलं ते मला आत्ता कळलं होतं. तिला श्वास हवा होता, आणि मी तिला इंजिनाचं सांगत बसलो होतो.

आत्या चहा आणि केके घेऊन आल्या. तळलेले गोड गोळे, अजून गरम. त्यांनी ताटली पुढे केली. मी एक उचलला. अकनेसीने हात पुढे केला नाही.

"घे ना," मी म्हणालो.

"सवय आहे. सगळ्यांचं झालं की मी घेते."

"तिची शाळेची खोड आहे," आत्या म्हणाल्या.

"खोड कसली? हजेरीतच आम्ही शेवटी. आमच्या मुळाक्षरांत ती गळ्याची खूण सगळ्यांत शेवटी ना. बाकीच्या मुली संपल्या, बाकीचे मुलगे संपले, की मग आम्ही खूणवाले. नाताळात खाऊ वाटायचे तेव्हा आमच्यापर्यंत येता येता ताटात नुसता चुरा. चुराही चांगला लागतो, पण."

माझ्या हातातला केके तसाच राहिला.

"आत्या," मी विचारलं, "जुन्या सर्व्हरवर नावांची यादी कशी लागायची?"

"कशी म्हणजे? आपली लागते तशी. खूणवाले शेवटी. राजधानीतल्या पोराने मुद्दाम तसं बसवून दिलं होतं."

"आणि नवा?"

"त्यात जुनं सगळं जसंच्या तसं ओतलं म्हणाले."

मी सेटिंग उघडलं. नवा सर्व्हर इंग्रजीच्या सवयीने चालत होता. त्याच्या लेखी गळ्याची खूण म्हणजे काहीच नव्हतं, त्याने ती सोडून द्यायची आणि पुढचं अक्षर धरायचं.

पुस्तकाच्या मागे सूची असते ना, तशी यंत्रातही असते. हजारो नावांतून एक शोधायचं तर यंत्र सगळी नावं वाचत नाही. ते सूची मधोमध उघडतं, पुढे की मागे ते बघतं, पुन्हा मधोमध उघडतं, आणि नेमक्या जागी पोहोचतं. तिथे नाव नसेल तर म्हणतं, नाही. आमची सूची आमच्या क्रमाने लागलेली होती. वाचणारा मात्र दुसऱ्या देशाच्या क्रमाने शोधत होता. तो अकनेसीला अगदी सुरुवातीला शोधायला जायचा, आणि ती तर शेवटी बसली होती. तो एका दारावर टकटक करायचा आणि परत येऊन सांगायचा, असं कोणी राहत नाही. खोटं बोलत नव्हता तो. त्याला शेजारी विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

आणि आमचे लोक खिडकीशी भांडत नाहीत. यंत्र नाही म्हणालं की ते बरं म्हणायचे, पंखा उचलायचे आणि घरी जायचे. किती आठवडे खूणवाले लोक असे बरं म्हणून गेले असतील.

"मग आता?" अकनेसीने विचारलं.

"आता त्याला सांगतो, सूची बघूच नकोस. पहिल्यापासून एकेक माणूस वाच."

"सगळे?"

"सगळे."

"आमच्यासाठी?"

"तुझ्यासाठी."

मी हे का बोललो ते मलाही कळलं नाही. आत्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहाचा घोट घेतला.

मी हुकूम दिला. सर्व्हरचा पंखा जोरात फिरायला लागला, त्याच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला. पत्र्यावर पाऊस. त्या पेटीत आमचं सगळं बेट होतं. वादळात हात मोडलेले, मासा टोचलेले, जन्मलेले, गेलेले. माझी आई होती, तिला मी शेवटचं याच इस्पितळात बघितलं होतं. ते यंत्र एकेकापाशी थांबत होतं आणि विचारत होतं, तू का ती? नाही. तू का ती? नाही. मला अंगावर काटा आला. मी रोज यंत्रं उघडतो, त्यांच्यात धूळ आणि झुरळं असतात हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी मला वाटलं की आपण कशाच्या तरी दारात उभे आहोत, आणि जरा हळू बोलावं.

मग ती आली. नाव, खुणेसकट. गाव, शाळा, बापाचं नाव. ती तिथेच होती. सगळा वेळ तिथेच होती. खाली चित्राची खूण होती. मी ती दाबली.

मला वाटलं होतं, फोटो असेल. तो फोटो नव्हता. काळ्या पडद्यावर राखाडी रंगाचा पंख्यासारखा आकार उघडला, आणि त्यात काहीतरी हललं. उघडलं, मिटलं, उघडलं. एक छोटीशी झडप, पाण्यात गवताची पात हलावी तशी.

"ते काय आहे?" अकनेसीने विचारलं.

"तू," मी म्हणालो. "शाळेतली."

ती पुढे वाकली. तिने एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला, आणि बराच वेळ ती पडद्याकडे बघत राहिली. बाहेर तिचं आत्ताचं हृदय धडधडत होतं आणि आत लहानपणीचं. आत्यांनी पंखा मांडीवर ठेवला आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली.

"किती घाईत आहे ते," अकनेसी हळूच म्हणाली. "जसं काही मधली सुट्टी झालीय."

आत्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या. बाईंनी चष्मा वर सरकवला, जुनं चित्र बघितलं, सकाळी काढलेलं बघितलं, पुन्हा जुनं बघितलं. सरळ उभ्या राहिल्या.

"लहानपणी झडप बरी मिटत होती," त्या म्हणाल्या. "आता मिटत नाही. ही माझ्याबरोबर येईल."

मी तेवढ्यात सर्व्हरला आमच्या क्रमाची सवय लावून दिली आणि सगळी सूची नव्याने बांधायला सांगितलं. ती बांधून झाली तेव्हा पाऊस ओसरला होता. आत्यांनी खिडकी पूर्ण उघडली आणि बाहेर व्हरांड्यात बसलेल्या लोकांना म्हणाल्या, "ज्यांना ज्यांना यंत्राने नाही म्हटलं होतं, ते या. आज शेवटून सुरू करते."

अकनेसी त्या संध्याकाळच्या विमानाने गेली. जाताना माझ्याशी फार बोलली नाही. आत्या शेजारीच होत्या. ताटलीत एक केके राहिला होता. तो तिने अर्धा केला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"आज चुरा नाही मिळाला," ती म्हणाली.

ती परत आली तेव्हा दरवर्षी येणारे देवमासे बंदराबाहेर आले होते. मी इस्पितळाच्या चढावर मुद्दाम जायचो, काम नसलं तरी. एक दिवस ती मध्यावर उभी दिसली.

"काय झालं?" मी पळत जाऊन विचारलं. "धाप लागली?"

"नाही."

"मग थांबलीस का?"

"बोटी बघतेय," ती म्हणाली. "खरंच बघतेय. आत्तापर्यंत एकदाही बघितल्या नव्हत्या. ती निळी खरंच रुतलेली आहे की रे."

मी हसायला लागलो. आम्ही दोघं वरपर्यंत गेलो. ती एकदाही थांबली नाही, आणि मीच दमलो.

खिडकीवर आत्या होत्या. त्यांनी आम्हा दोघांकडे बघितलं. "लिसिअते," त्या म्हणाल्या, "शुक्रवारी माझ्या भावाच्या घरी कावा घेऊन ये. आणि हो, हसलास तरी चालेल."

आमच्याकडे मुलीच्या घरी असंच जायचं असतं. कावाची मुळं घेऊन जायचं, ती कुटून पाण्यात कालवली की प्यायचा कावा होतो. तिचा भाऊ त्या दिवशी घरात थांबत नाही, बहिणीच्या अशा बैठकीत भावाने असणं बरं दिसत नाही. पुरुष गोल करून बसतात. मानाचा माणूस वर, बाकीचे मानाप्रमाणे खाली, आणि गोलाच्या तळाशी लाकडी भांड्यापुढे ती मुलगी बसते. ती कावा कालवते आणि करवंट्या भरभरून देते. पहिली करवंटी वरच्याला, शेवटची खालच्याला.

मी सगळ्यांत खाली बसलो, भांड्याच्या अगदी जवळ.

"लिसिअते, वर ये की," तिचे वडील म्हणाले. "तुझ्यामुळे पोरगी दिसतेय इथे."

"मी इथे बरा आहे."

पुरुष हसले. एकजण म्हणाला, या मुलाला वायरीशिवाय काही कळत नाही. दुसरा म्हणाला, कळतं, बघ कुठे बसलाय. गाणं सुरू झालं, आणि गाण्याच्या आवाजाखाली आम्हाला थोडं बोलता आलं.

"इथे का बसलास?" ती भांड्यात बघत म्हणाली. तिच्या केसांत पांढरी फुलं होती. "करवंटी तुला शेवटी मिळेल. गाळच उरतो शेवटी."

"वर बसलो तर लवकर मिळते. पण तू लांब जातेस."

तिने कावा ढवळला. बराच वेळ ढवळला, ढवळायची गरज नव्हती तरी.

"मला शोधायला सगळं बेट वाचलंस तू," ती म्हणाली.

"यंत्राने वाचलं."

"सांगितलं कोणी?"

"मी."

"मग आता? आता काय शोधायचंय?"

घसा अडला. तिच्या नावाआधी अडतो तसा. "आता काही शोधायचं नाही," मी म्हणालो. "आता... जिथे तू असशील तिथे बसायचंय."

करवंट्या वरून फिरत फिरत खाली आल्या. शेवटची तिने भरली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी घेतली. तिने लगेच सोडली नाही. आमचे चारही हात त्या ओल्या करवंटीवर होते, आणि तिच्या मनगटात काहीतरी शांतपणे, वेळेवर धडधडत होतं. मला ते बोटांना लागलं.

"गाळ नाहीये," ती म्हणाली. "तुझ्यासाठी वरचा आधीच काढून ठेवला होता."

डॉक्टरीणबाईंनी जेवढी वर्षं सांगितली होती त्यापेक्षा जास्त मिळाली आम्हाला. या वर्षी देवमासे यायच्या आधी ती गेली. हजेरीत ती शेवटी असायची, पण इथे माझ्या आधी गेली.

तिचं ते लहानपणचं हृदय अजून त्या पेटीत आहे, सूचीत अगदी शेवटी, आपल्या जागेवर. आत्या म्हणाल्या होत्या, कधीही ये, दाखवते. मी एकदा गेलो. ते अजून तसंच घाईत होतं.

शुक्रवारी मी अजून कावाला जातो. आता मी चर्चचा कारभारी आहे, माझी जागा वर आहे. लोक म्हणतात, लिसिअते, वर ये, खाली कशाला बसतोस एकटा, काय झालं?

मी म्हणतो, काही नाही. इथून बोटी दिसतात.